पाहण्याचा पासवर्ड

माझा हात माउसवर नव्हता. दोन्ही हात मांडीवर होते आणि बोटांत जपमाळ होती. तरीही समोरच्या पडद्यावरचा बाण हलला.

श्रावणातली शुद्ध दशमी होती, सकाळचे सव्वाअकरा झाले असतील. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन करून मी घरी आले होते आणि लॅपटॉप उघडा ठेवून राहिलेली माळ पुरी करत होते. पडद्यावर नदीचा निळा पट्टा एकेका गावाच्या अंगावर सरकत होता. नऊ दिवस चालणारं गणित. त्याचा सातवा दिवस.

बाण डाव्या कोपऱ्यातून वर आला, कुणी जेवून फेरफटका मारायला निघावं तसा. निळ्या पट्ट्यापाशी घुटमळला. एका गावाभोवती फिरला. मग ‘थांबवा’ लिहिलेल्या लाल बटणापाशी आला आणि त्याच्याभोवती त्याने एक गोल घेतला. आणखी एक घेतला. मग बटण दाबलं. चौकट उघडली : खरंच थांबवायचं? बाण ‘हो’वर गेला, क्षणभर थांबला, आणि दाबलं.

निळा पट्टा जागच्या जागी गोठला. सात दिवस गेले. बाण जरा थरथरला आणि निघून गेला.

मी हळू बोलणारी बाई. मुलं लहान असतानाही त्यांच्यावर कधी आवाज चढवला नाही. त्या सकाळी माझ्या तोंडून काय निघालं ते मी इथे लिहिणार नाही. सासूबाई मात्र पळी हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“काय म्हणालीस गं?”

“काही नाही, आत्याबाई.”

“मला ऐकू येतं अजून,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बटण दाबलं त्याचा राग होताच. पण त्याआधी घेतलेले ते दोन गोल मला सोसवत नव्हते. मला खिजवण्यासाठीच कुणीतरी ते घेतले होते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा मी सांगलीजवळच्या एका लहानशा नदी अभ्यास केंद्रात हंगामी नोकरीवर होते. धरणातून एवढं पाणी सोडलं आणि वरून एवढा पाऊस पडला, तर अठरा गावांपैकी कोणत्या गावात पाणी कुठवर शिरेल, हे काढायचं काम माझ्याकडे होतं. पुढच्या आठवड्यात जिल्हा कचेरीत बैठक होती आणि आमच्या प्रमुख डॉ. इनामदार बाई तिथे हा नकाशा मांडणार होत्या. केंद्रात एक जागा कायम होणार होती. तिच्यावर डोळा ठेवून असलेले हंगामी दोघे : मी आणि सुतार.

गणित आमच्या साध्या मशीनवर बसणारं नव्हतं. ते संगणक केंद्राच्या सर्व्हरवर चालवायचं, आणि सर्व्हर कारंडे साहेबांच्या ताब्यात. त्यांनी आम्हाला दिलं होतं एक खातं, पंचवीस जीबी जागा आणि एक काळा पडदा. त्यात हुकूम टाइप करायचे आणि उत्तरं वाचायची. पण आमचा प्रोग्राम खिडक्यांचा होता. त्याला नकाशा दिसायला हवा, माउस हवा. सर्व्हरवर डेस्कटॉप बसवून द्या, म्हणून मी अर्ज घेऊन गेले.

“मॅडम,” कारंडे साहेब खुर्ची मागे रेलून म्हणाले, “सर्व्हर म्हणजे गाभारा आहे. गाभाऱ्यात सगळ्यांना सोडून चालत नाही. तुम्ही धार्मिक आहात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं?”

“मला आत यायचं नाही, साहेब. तुम्हीच बसवा. मी लांबून वापरेन.”

“लांबून वापरायला काळा पडदा आहे की. चित्रं बघायची हौस असेल तर घरी टीव्ही असेल ना?”

त्यांच्या शेजारचा कारकून हसला. मी ‘बरं’ म्हणाले, अर्ज घडी करून पिशवीत टाकला आणि बाहेर आले. ‘बरं’ म्हणताना दातांखाली जीभ चावली गेली होती. क्रोध हा पहिला कषाय, आत्म्याला पहिला डाग त्याचा, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यासाठीच तर माझे नेम : दर्शन झाल्याशिवाय अन्न नाही, सूर्य मावळल्यावर अन्न नाही, रोज एकशेआठ मणी, आणि अष्टमी-चतुर्दशीला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उपवास आणि मौन. लोकांना वाटायचं, बाई किती शांत आहे. मी शांत नव्हते. मी झाकण घट्ट लावायला शिकले होते.

अधिकार नसले म्हणून काय झालं? भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नसते, पण आपल्या खोलीत आपली मांडणी उभी करायला कुणाची ना नसते. डेस्कटॉपला लागणारा एकेक तुकडा मी आणला आणि माझ्या स्वतःच्या फोल्डरात बांधला. एकाला दुसरा हवा असायचा, दुसऱ्याला तिसरा, आणि तिसरा म्हणायचा, मला अमुक ठिकाणीच ठेवा, नाहीतर मी चालणार नाही. त्याची समजूत काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून. काळ्या पडद्यावरून शेकडो ओळी धावायच्या. त्यांतल्या निम्म्या इशाऱ्यांच्या : हे जुनं आहे, ते सापडलं नाही, इकडे लक्ष द्या. पहिल्या दिवशी मी सगळ्या वाचल्या. चौथ्या दिवसानंतर वाचायचं सोडलं. काम चालतंय ना, मग झालं.

एकविसाव्या दिवशी त्या काळ्या पडद्यामागे एक खिडकी उघडली. करडी पार्श्वभूमी आणि त्यावर माझा बाण. घरचा लॅपटॉप बंद केला तरी तिकडे सर्व्हरवर तो डेस्कटॉप चालू राहायचा. परत जोडलं की सगळं होतं तिथेच. कुणाची परवानगी नाही, कुणाचा उपकार नाही. मला फार अभिमान वाटला होता.

त्या डेस्कटॉपला दोन पासवर्ड ठेवता येत होते. एक पूर्ण हाताळण्याचा, दुसरा फक्त पाहण्याचा. दोन्ही मी रोजच्या पाठातून घेतले. अरिहंत हे लोकांत उत्तम, या अर्थाचा तो माझा. अरिहंत हे मंगल, या अर्थाचा तो पाहण्याचा. पाहण्याचा एका चिठ्ठीवर लिहून मी तो प्रयोगशाळेतल्या मशीनवर चिकटवला, म्हणजे गणित कुठवर आलं ते कुणालाही बघता यावं. वाचणाऱ्याच्या तोंडी तेवढंच देवाचं नाव येईल, असंही वाटलं होतं.

“हा फक्त बघायला,” मी सर्वांना सांगितलं होतं. “कितीही बटणं दाबा, काही होणार नाही.”

आणि आता कुणीतरी बटण दाबलं होतं आणि सगळं झालं होतं.

रिक्षा करून मी केंद्रात गेले. प्रयोगशाळेत सुतार एकटाच होता, समोर वर्तमानपत्रावर भडंग पसरून. तिशीचा, आष्ट्याकडचा, सदानकदा टिंगलीच्या सुरात बोलणारा. मला तो ‘महासती’ म्हणायचा, पाठीमागे. ते मला ठाऊक होतं.

“या मॅडम. आज इकडं वाट वाकडी?”

“सव्वाअकराला माझ्या डेस्कटॉपवर कोण होतं?”

“मीच की. बायजाक्काला पाणी दाखवत हुतो.” बायजाक्का म्हणजे केंद्रात झाडलोट करणाऱ्या बाई. त्यांचं गाव त्या अठरांत होतं. “त्या म्हणाल्या, आमची गल्ली बुडती का बघा जरा.”

“थांबवा कोणी दाबलं?”

“तेबी मीच.” तो हसला. “पण त्यानं काय हुतंय? बायजाक्का भ्याल्या, म्हणाल्या हात नका लावू. म्हटलं, अहो, हे मॅडमचं काम हाय, कितीबी दाबा काय हुत न्हाई. हे बघा म्हणून दाबूनच दावलं.”

“गणित थांबलंय, सुतार.”

त्याच्या चेहऱ्यावर हसू अर्धं राहिलं. ते तसंच होतं आणि डोळे मात्र बदलले होते.

“कसं काय थांबंल?”

“हसू नका.”

“हसत न्हाई ओ. पाहण्याच्या पासवर्डानं थांबंलच कसं?”

“तेच विचारतेय. पाहण्याच्या पासवर्डाने थांबत नाही. माझा पासवर्ड कुठून मिळाला?”

“मॅडम, मी ही चिठ्ठी बघून टाकला. आईच्यान सांगतो.”

“आईला मध्ये आणू नका.”

मी आवाज चढवला नाही. आजही आठवतं, मी इतक्या हळू बोलत होते की त्याला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. “ती जागा मला मिळणार हे परवा कळलं तुम्हाला. आज हे झालं. माझ्या पाठीमागे उभं राहून कधीतरी माझी बोटं बघितलीत तुम्ही. सात दिवस, सुतार. तुम्ही माझे सात दिवस पुसलेत आणि वर भडंग खाताय.”

तो उठून उभा राहिला. भडंग वर्तमानपत्रावरून सांडलं. “तुम्हाला खरंच तसं वाटतंय?”

“दोन गोल घेतलेत तुम्ही बटणाभोवती. मी बघत होते.”

“ते बायजाक्कांना बटण दाखवायला ओ! त्यांना वाचता येतंय का?”

त्यापुढे मी त्याचा एक शब्द ऐकला नाही. डॉ. इनामदार बाईंच्या केबिनमध्ये बसून तक्रार लिहिली. ‘आकसापोटी व जाणूनबुजून’ हे शब्द मी स्वतः निवडले. अक्षर सुंदर आलं होतं. अर्धवट गणित साठवायला पंचवीस जीबीत जागा नव्हती, म्हणून सारं पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं, आणि बैठकीला तेवढे दिवस नव्हते. इनामदार बाईंनी कचेरीत फोन करून तारीख मागून घेतली. पलीकडचा माणूस त्यांना काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

कारंडे साहेबांनी सर्व्हरची नोंदवही काढली. प्रयोगशाळेच्या मशीनवरून सव्वाअकराला कुणीतरी पूर्ण हाताळणीच्या अधिकाराने आत आलं होतं. म्हणजे पासवर्ड चोरला, हे उघड होतं. त्यांनी माझं खातं बंद केलं, सुतारला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं, आणि चौकशी चौथ्या दिवशी चारला ठेवली. चौथा दिवस म्हणजे चतुर्दशी.

ते चार दिवस मी कशी जगले ते सांगते. माळेच्या मण्यावर बोट यायचं आणि मनात ते दोन गोल फिरायचे. अरिहंतांचं नाव ओठांवर आणि आत सुतार. त्याला कामावरून काढतील, सगळीकडे कळेल, पुन्हा कुठे तो असं करू धजणार नाही. देवासमोर उभी राहून मी हे घोकत होते. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसायचं, दिवसभराचे दोष आठवायचे. मला त्याचेच आठवायचे.

चतुर्दशीला सकाळी नऊला कारंडे साहेबांनी माझं खातं उघडून दिलं. “मुख्य पासवर्ड बदलून टाका,” फोनवर म्हणाले. मौन होतं म्हणून मी टेबलावर एकदा टिचकी मारली. त्यांना माझी ती सवय माहीत होती. “हां, आज तुमचं मौन. बरं, बरं.”

प्रयोगशाळा रिकामी होती. काळ्या पडद्यावर मी पासवर्ड बदलण्याचा हुकूम दिला आणि नवा पासवर्ड टाकला, तोही लांबच. खाली एक ओळ आली. पहिल्या दिवशीही ती आलीच असणार, त्या शेकडो इशाऱ्यांमध्ये. आज पडद्यावर ती एकटीच होती, म्हणून वाचली.

पासवर्ड आठ अक्षरांपेक्षा मोठा आहे. पहिली आठच धरली आहेत.

मी ती पुन्हा वाचली. मग समोरच्या मशीनवरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं अरिहंता, आणि पुढे मंगल. आठ अक्षरं मोजली. अरिहंतांच्या नावातच आठ पुरी होत होती. पुढे लोकांत उत्तम लिहा की मंगल लिहा, त्या प्रोग्रामला काहीच दिसत नव्हतं. दोन्ही पासवर्ड त्याच्या लेखी एकच होते, आणि दोन सारखे असले की तो पहिला धरत होता. पूर्ण हाताळण्याचा.

तरी विश्वास बसेना. जुने दोन्ही पासवर्ड परत बसवले. शेजारच्या मशीनवरून चिठ्ठीतला, पाहण्याचा, टाकला. बाण हलवला. हलला.

म्हणजे त्याने खरंच फक्त चिठ्ठी वाचली होती. माझ्या शब्दावर त्याचा एवढा विश्वास होता की एका घाबरलेल्या बाईसमोर त्याने बेधडक बटण दाबून दाखवलं.

मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते. मला पश्चात्ताप झाला नाही. मला आणखी राग आला. कारंड्यांचा, ज्यांनी साधा डेस्कटॉप बसवून दिला असता तर हे काही झालंच नसतं. त्या प्रोग्रामचा. आणि सुतारचा, तो निर्दोष होता म्हणून. चार दिवस मी एवढा राग पोसला होता, तो आता ठेवू कुठे?

मग आठवलं, आज माझं मौन आहे.

सूर्यास्तापर्यंत मला बोलता येत नव्हतं. लिहून देता आलं असतं. कागद होता, पेन होतं. पण मौनात कामापुरतं लिहायचं की नाही, यावर आमच्यात दोन मतं आहेत, आणि कडक मत असं की लिहिणंही बोलणंच. एरवी मी मौनात भाजीवाल्यालासुद्धा चिठ्ठी द्यायची. त्या दिवशी मला कडक मत आठवलं. चौकशी चारला, सूर्यास्त सातला. उद्या बघू, असं मी मनाशी म्हटलं. उद्यापर्यंत निकाल लागलेला असेल, हेही मला माहीत होतं.

चारला इनामदार बाईंच्या केबिनमध्ये आम्ही चौघे होतो. सुतार इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. दाढी केलेली, एका जागी कापलेलं. टेबलाच्या कडेला हात धरून उभा. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

“तुझं काय म्हणणं?” इनामदार बाईंनी विचारलं.

“बाई, मी चिठ्ठीतलाच टाकला. बायजाक्का साक्षीला हाईत. बोलवा त्यांना.”

कारंडे साहेब हसले. “आता सर्व्हरबद्दल झाडूवाली साक्ष देणार. बोलवा, बोलवा. आधी सर्व्हर म्हणजे काय ते विचारू तिला.”

दार अर्धं उघडं होतं. बायजाक्का बाहेर उभ्या होत्या. पदराचं टोक तोंडाशी धरून त्यांनी ते ऐकलं.

“मॅडम,” सुतार माझ्याकडे वळला. “तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाला हुता का न्हाई, कितीबी दाबा?”

मी पिशवीतून रोजची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. ‘आज मौन आहे.’ ती मी कायम जवळ बाळगायची, छापल्यासारख्या अक्षरात.

तो त्या चिठ्ठीकडे बघत राहिला.

“मॅडमना त्रास देऊ नकोस,” कारंडे म्हणाले. “त्यांनी लेखी दिलंय, तेवढं पुरे. इनामदार बाई, मी सांगतो, आपल्याकडे या बाईएवढं सोवळं माणूस नाही. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही पोटात. अशी बाई खोटं लिहील? आणि हा? हा त्यांना महासती म्हणून चिडवतो, सगळ्यांना माहीत आहे. अशांना व्रत म्हणजे काय कळणार? यांच्या घरात कधी कुणी देवाचं नाव तरी—”

“थांबा,” मी म्हणाले.

सकाळपासून मिटलेलं तोंड. आवाज घोगरा आला आणि मला वाटला होता त्यापेक्षा फार मोठा. कारंडे साहेबांचं वाक्य हवेतच राहिलं.

“गप्प बसा तुम्ही,” मी त्यांना म्हणाले. मी असं कधी कुणाला बोलले नव्हते. “माझ्या उपवासाचं नाव घेऊ नका. माझ्या उपवासाशी तुमचा काही संबंध नाही. त्याने काही चोरलेलं नाही. तो प्रोग्राम आठच अक्षरं वाचतो. माझ्या दोन्ही पासवर्डांची पहिली आठ अक्षरं एकच आहेत. चिठ्ठीतला पासवर्ड टाकला तरी पूर्ण अधिकार मिळतो. चूक माझी आहे. इशारा आला होता, मी वाचला नव्हता. आणि तुम्हीही वाचला नाहीत, कारंडे साहेब. चार दिवस माझं खातं तुमच्या हातात होतं. एकदा ती चिठ्ठी टाकून बघायला तुम्हाला काय झालं होतं? गाभारा, गाभारा म्हणता. पुजाऱ्याने गाभाऱ्यात दिवा तरी लावावा.”

मी उभी राहिले होते आणि कधी उभी राहिले ते मला कळलं नव्हतं.

इनामदार बाई म्हणाल्या, “चौगुले बाई, तुमचं मौन.”

“मोडलं.”

“बसा.”

मी बसले नाही. तिथल्याच मशीनवर दोन मिनिटांत सगळं दाखवलं. चिठ्ठीतला पासवर्ड, हलणारा बाण. कारंडे साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. मग म्हणाले, “म्हणूनच मी परवानगीशिवाय काही बसवू देत नाही.” तेवढं बोलून ते गेले. त्याच संध्याकाळी त्यांनी माझा डेस्कटॉप पुसून टाकला. एकवीस दिवसांचं काम पुसायला त्यांना एक ओळ पुरली.

खाली सायकल स्टँडपाशी मी सुतारला गाठलं. तो कुलूप काढत होता.

“सुतार, मला क्षमा करा.”

“कधी कळालं तुम्हाला?” त्याने वर बघितलं नाही.

“काय?”

“आठ अक्षरांचं.”

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “सकाळी. नऊला.”

तो सरळ झाला. “नऊला कळालं, आणि चारला मी तिथं हुबा असताना तुम्ही मला ती चिठ्ठी दावली.”

त्याने काढलेलं कुलूप खिशात टाकलं.

“म्हणजे कारंडे साहेबांनी तोंड उघडलं म्हणून मी वाचलो. त्यांनी माझ्या घरावर न घसरता नुसतं ‘काढून टाका’ म्हटलं असतं, तर?”

“माहीत नाही.”

“मला म्हाईत हाय,” तो म्हणाला. “माझी आई चार दिवस शेजारच्यांना सांगत हुती, सर्दी झालीया म्हणून घरी हाय. क्षमा-बिमा नंतर बघू, मॅडम. मला अजून लई राग हाय.” तो सायकलवर बसून निघून गेला.

बैठक पंधरा दिवसांनी झाली. मधल्या काळात नवं गणित सुतारनेच हुकुमांत बसवून काळ्या पडद्यावरून चालवलं, चित्र न बघता. कायमची जागा त्यालाच मिळाली आणि ते योग्य झालं. मी दिवाळीनंतर ते केंद्र सोडलं आणि जयसिंगपूरला एका कॉलेजात शिकवू लागले.

त्या श्रावणातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी आर्यिका माताजींकडे, म्हणजे आमच्या साध्वींकडे, गेले होते. त्यांचा त्या वर्षीचा चातुर्मास आमच्याच गावात होता. हात जोडून म्हणाले, “माताजी, चतुर्दशीचं मौन माझ्याकडून मोडलं.”

“किती वाजता?”

“चारच्या पुढे.”

“कशामुळे?”

“राग आला.”

त्यांनी डोळे मिटले. मोरपिसांची पिंछी मांडीवर धरलेली. “दोन एकाशनं करा. आणि रागापासून जपा.”

मी दोन एकाशनं केली. पुढच्याच दोन दिवशी, एक वेळ जेवून, एका बैठकीत. मोडलेल्या मौनाचं प्रायश्चित्त पुरं झालं.

सकाळी नऊपासून चारपर्यंत पाळलेल्या मौनाबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही.